सफरचंदाच्या अर्कात क्लोरोजेनिक ॲसिड कमी दिसतंय? माझा अनुभव

सांगलीतल्या आमच्या लॅबला सवय बेदाण्याची. सफरचंद पहिल्यांदाच एचपीएलसीवर (मिश्रणातली संयुगं वेगळी करून मोजणारं यंत्र) घेतलं आणि अडकलो. सफरचंदातल्या फिनॉल संयुगांपैकी फ्लोरिझिनचा पीक (आलेखातला उंचवटा) २८० नॅनोमीटरच्या प्रकाशात व्यवस्थित, पण क्लोरोजेनिक ॲसिड आणि एपिकॅटेचिन यांचे पीक दर वेळी बारीक. एकाच फळाच्या तीन नमुन्यांत तीन आकडे.

कॉलम (संयुगं वेगळी करणारी नळी) बदलला, स्टँडर्ड (तुलनेसाठीचं शुद्ध संयुग) ताजं केलं, मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारा द्राव) नव्याने बनवला. दोन आठवडे नुसतं डोकं फिरलं.

चूक मिक्सरच्या भांड्यात होती. गर तांबूस झालेला. फळ कापताच पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे एन्झाइम नेमकी हीच दोन संयुगं खाऊ लागतं. फ्लोरिझिनला तेवढा धक्का बसत नाही.

एन्झाइमला वेळच मिळू नये म्हणून आता असं करतो. ८० टक्के मिथेनॉलमध्ये १ टक्का फॉर्मिक ॲसिड घालून रात्रभर उणे २० अंशांवर ठेवतो. सकाळी त्यातलं २५ मिली बाटलीत घेऊन बाटलीसकट वजन करतो, फोड थेट आत कापून टाकतो आणि पुन्हा वजन. फरक साधारण ५ ग्रॅम हवा. (आधी फोड तोलत बसलात की संपलं.) मग बर्फात ठेवूनच होमोजिनायझर, सेंट्रिफ्यूज, ०.४५ मायक्रॉनचा पीटीएफई फिल्टर. नायलॉन नको, तो फिनॉल धरून ठेवतो. गाळलेल्या अर्कात तेवढंच ०.१ टक्का फॉर्मिक ॲसिडचं पाणी मिसळायचं, नाहीतर सुरुवातीचे पीक फाटतात. त्यातलं १० मायक्रोलिटर यंत्रात सोडायचं, त्याच दिवशी. क्लोरोजेनिक ३२० नॅनोमीटरला वाचा, सालीतले क्वेर्सेटिन ग्लायकोसाइड (तीही फिनॉल संयुगंच) ३६० ला.

पाश्चराइज केलेल्या डब्यातल्या रसात एन्झाइम उष्णतेने आधीच निकामी झालेलं असतं, त्याला ही कसरत लागत नाही. ताज्या फळाचा चोथा मात्र आता पांढराच राहतो आणि तिन्ही आकडे जुळतात.