आतड्याच्या जुनाट सुजेची औषधे घेताना घरी काय पाळावे

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स या आतड्याच्या जुनाट सुजेच्या आजारांचे निदान झाले की घरचे म्हणतात, ‘प्रतिकारशक्ती वाढवायला हवी.’ मग गुळवेलीचा काढा सुरू होतो. या आजारात मुळात प्रतिकारशक्तीच भडकलेली असते. आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंवर तिच्या पेशी तुटून पडतात, टीएनएफसारखी रसायने सोडतात आणि जखमा अस्तराला होतात. तिला आवरणे हाच उपचार. काढा बंद करा. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याचे रुग्णही नोंदले गेले आहेत.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड बहुधा 40 मिलिग्रॅमवर सुरू होते आणि डॉक्टर ते दर आठवड्याला 5 मिलिग्रॅमने उतरवतात. गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्या. रक्त थांबले म्हणून मध्येच सोडू नका: शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड तोवर निजलेले असते, त्यामुळे बीपी उतरून चक्कर, उलट्या होतात.

अझाथायोप्रिन या प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या गोळीचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात, दुष्परिणाम मात्र दोन आठवड्यांतही दिसतो. सुरुवातीला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) दर आठवड्याला करा, पुढे डॉक्टर सांगतील तसे अंतर वाढवा. पहिल्याच महिन्यात केस पुंजक्याने गळू लागले, तर पांढऱ्या पेशी झपाट्याने घटत असू शकतात. त्याच दिवशी तपासा. युरिक अ‍ॅसिडसाठी अ‍ॅलोप्युरिनॉल चालू असेल तर आधीच सांगा. दोन्ही एकत्र आली की अझाथायोप्रिनचा डोस मोठ्या प्रमाणात कमी करावा लागतो, नाहीतर रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जा दबते.

टीएनएफ रोखणारे इंजेक्शन ठरले, तर आधी टीबीची तपासणी हवीच. शरीरात झोपलेल्या टीबीभोवती गाठीची भिंत असते आणि ती टिकते टीएनएफमुळेच. छातीचा एक्स-रे आणि मँटू (त्वचेत टोचून होणारी टीबीची चाचणी) किंवा इग्रा (टीबीची रक्तचाचणी) करतात. स्टेरॉइड चालू असताना मँटू खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून इंजेक्शनच्या काळातही संध्याकाळचा ताप, घटते वजन किंवा खोकला लपवू नका. शिवाय आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीतही सारखे दिसतात. बायोप्सीचा रिपोर्ट फाइलमध्ये जपून ठेवा.

अ‍ॅडॅलिमुमॅब (टीएनएफ रोखणारे एक इंजेक्शन) मिरजेहून जतला किंवा आटपाडीला न्यायचे, तर वाटेत 2 ते 8 अंश राखावे लागतात. आइसपॅक फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा, सिरिंज बर्फाला टेकू देऊ नका. गोठले की औषध वाया, वितळले तरी वापरू नये. घरी फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. दारात नको, मागच्या भिंतीला चिकटूनही नको. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढा, हलवू नका. मांडीत किंवा पोटावर बेंबीपासून दोन इंच सोडून टोचा, दर वेळी जागा बदला.

सांधे दुखले की गावच्या दवाखान्यात डायक्लोफेनॅक टोचतात. त्याने आजार उसळू शकतो, म्हणून पॅरासिटॅमॉल मागा आणि आजाराचे नाव सांगा.

दिवसात सहा किंवा जास्त वेळा रक्ताचे जुलाब आणि सोबत ताप किंवा नाडी 90 च्या वर असेल, तर त्याच दिवशी दाखल व्हा. तेव्हा जुलाब थांबवायला लोपेरामाइड घेऊ नका. मोठे आतडे फुगून फुटण्याचा धोका असतो.