पुलाबद्दल अर्ज करताय? आधी या चुका टाळा

पुलाच्या अर्जात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो चुकीच्या टेबलावर. मजकूर तळमळीचा, फोटो ढिगाने, खाली अख्ख्या गावाच्या सह्या, आणि वर ज्या साहेबांचं नाव घातलंय त्यांचा त्या पुलाशी काडीचा संबंध नाही. मग सहा महिने अर्ज या कचेरीतून त्या कचेरीत फिरतो आणि माणसं म्हणतात, सरकार ऐकत नाही.

पहिली चूक हीच: ज्याने बांधला त्याचाच पूल, असं धरून चालणं. कोनशिलेवरचं नाव उद्घाटनापुरतं असतं. राष्ट्रीय महामार्ग आणि त्यावरचे पूल 1956 च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यानुसार केंद्राकडे निहित, म्हणजे केंद्राच्या मालकीचे, असतात आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे जे रस्ते सोपवले तेवढेच ते सांभाळतं. एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, 1974 च्या कायद्याने जन्मली. एमएसआरडीसी, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळ, मात्र 1996 साली कंपनी कायद्याखाली नोंदवलेली कंपनी आहे. तिच्या हातात शासनाने आदेश काढून जे दिलं तेवढंच. अटल सेतू बांधला एमएमआरडीएने, पण त्यावर दुचाकी आणि रिक्षा चालणार नाहीत हा आदेश काढला मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी. बांधणारा एक, वाहतूक रोखणारा दुसरा. हे डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

रेल्वेवरच्या पुलांचं त्रांगडं तर वेगळंच. रुळांवरचा भाग सहसा रेल्वेचा, पुलावर चढणारे पोहोच रस्ते राज्याचे नाहीतर पालिकेचे. अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग 3 जुलै 2018 ला कोसळला, सीएसएमटीला जोडणारा हिमालय पूल 14 मार्च 2019 ला. दोन्ही वेळा पूल नेमका कोणाचा यावरून रेल्वे आणि महापालिका यांच्यात जुंपली. सगळ्या वाहिन्यांचे कॅमेरे रोखलेले असताना ही गत, तर तालुक्यातल्या ओढ्यावरच्या पुलाला कोण विचारतो?

म्हणून मी अर्ज लिहायला बसण्याआधी पुलावर जाऊन येतो. किलोमीटरच्या दगडाचा माथा बघायचा: पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा तर राज्य महामार्ग, नारिंगी तर ग्रामसडक योजनेचा रस्ता. मग कठड्याच्या टोकाला रंगवलेला आकडा शोधायचा. 47/2 असं काही दिसलं तर त्या रस्त्याच्या 47 व्या किलोमीटरमधलं दुसरं बांधकाम. बऱ्याचदा त्यावर शेवाळ असतं, नाहीतर कोणाच्या तरी वाढदिवसाचं पोस्टर. खरवडून फोटो काढायचा. ‘गावाजवळचा मोठा पूल’ हा पत्ता होत नाही. या आकड्यावर शाखा अभियंत्याला कपाटातली फाइल काढावीच लागते. पण हे सांगितलं की उत्साही मंडळींचे चेहरे पडतात. त्यांना व्हॉट्सअॅपवर आलेला तयार नमुना हवा असतो.

दुसरी चूक जास्त महागात पडते: पूल आपल्या गावात आहे म्हणून तो बंद करायचा अधिकारही आपला, असं समजणं. आमच्याकडच्या एका गावात हे झालं. जुना दगडी कमानीचा पूल, त्यावरून रात्रभर वाळूचे डंपर. ग्रामसभेने अवजड वाहनांना बंदीचा ठराव केला. इथवर ठीक होतं. पण पोरांनी वर्गणी काढली आणि वेल्डर गाठून दोन्ही टोकांना उंच वाहनं अडवणाऱ्या लोखंडी कमानी उभ्या केल्या. ना फलक, ना रिफ्लेक्टर. आठवडा होतोय न होतोय तोच रात्रीच्या एसटीचं टप कमानीला घासत गेलं. नशिबाने कोणाला लागलं नाही. सकाळी रस्ता अडवल्याचा गुन्हा सरपंचावर आणि त्या पोरांवर, कमानी पोलिसांनी कापून नेल्या आणि संध्याकाळपासून डंपर पुन्हा सुरू.

तो रस्ता प्रमुख जिल्हा मार्ग होता, बांधकाम विभागाच्या ताब्यातला. ग्रामपंचायतीची सत्ता तिच्याकडच्या गावरस्त्यांपुरती. इथे लागतं मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 115. रस्त्याच्या किंवा पुलाच्या स्थितीमुळे वाहतूक रोखायची तर राज्य सरकार किंवा सरकारने त्यासाठी नेमलेला अधिकारीच ती रोखू शकतो. बंदी महिनाभराच्या आतली असेल तर राजपत्राची गरज नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. त्यापुढची असेल तर राजपत्रात अधिसूचना हवी. पुढे त्याच ठरावाची प्रत मागणी म्हणून जोडली, कार्यकारी अभियंत्याकडून पुलाच्या भारक्षमतेचं पत्र घेतलं आणि दोन्ही कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे दिले. पर्यायी रस्त्यासकट आदेश निघाला, कमानीही विभागानेच बसवल्या. वेळ लागला. पण माझ्या अनुभवात भारक्षमतेच्या पत्राशिवाय कुठलाही अधिकारी बंदीवर सही करत नाही, तेव्हा पहिली धडपड त्या पत्रासाठी करा.

‘पूल धोकादायक आहे’ हा फलक म्हणजे बंदी नव्हे. इंद्रायणीवरच्या कुंडमळ्याच्या पुलाजवळ इशाऱ्याचा फलक होता. 15 जून 2025 ला पूल पडला आणि चार जीव गेले. माणसांना अडवायचं तर आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 च्या कलम 34 खाली किंवा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम 163 खाली आदेश लागतो. फलक दिसला की विचारा, आदेश क्रमांक काय? 163 चा आदेश एरवी दोन महिन्यांवर चालत नाही, त्यामुळे तारीखही बघा.

माहिती अधिकारात ‘पूल का दुरुस्त केला नाही?’ असं विचारू नका. ‘का’ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीचा अहवाल मागा. राज्याच्या नियमात एक अर्ज, एक विषय, दीडशे शब्द. चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम 6(3) प्रमाणे पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी त्यांची. कामाची पाहणी करायचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घ्यायचा हक्कही याच कायद्यात आहे, पण तो वापरताना मी फार कमी जणांना पाहिलंय.

थेट मंत्रालयात पत्र टाकणाऱ्यांना काय सांगावं? ते पत्र फिरून त्याच शाखा अभियंत्याकडे येतं, फक्त उशिरा.

टोलनाक्यावरच्या पोराशी हुज्जत घालू नका. राज्याच्या पुलावरचा टोल मोटार वाहन कर कायदा 1958 च्या कलम 20 खालच्या अधिसूचनेतून येतो. दर, सवलत, मुदत सगळं तिच्यात. तीच मागा.

दावा लावायचा तर आधी नोटीस: शासनाला दोन महिन्यांची, महापालिकेला एक महिन्याची. शासनाविरुद्धच्या दाव्यात तातडी असेल तर नोटिशीशिवाय येण्याची परवानगी कोर्टाकडे मागावी लागते.

आणि राष्ट्रीय महामार्गाच्या पुलासाठी जमीन जात असेल तर हरकतीला राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम 3अ ची अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून 21 दिवसच मिळतात. हरकत लेखी द्या, आवक क्रमांकाची पोच घ्या आणि सुनावणी मागा. कलम 3ड ची घोषणा झाली की जमीन केंद्राकडे निहित होते. त्यानंतर वाद उरतो तो मोबदल्याच्या रकमेचा.