मतदानाआधी उमेदवाराचे शपथपत्र कसे वाचावे

सोलापुरात निवडणूक आली की विजापूर वेशीपासून जुळे सोलापूरपर्यंत फलक झळकतात, परंतु उमेदवाराची खरी माहिती त्याच्या शपथपत्रात असते. 2002 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर विधानसभा व लोकसभेच्या उमेदवाराने नमुना 26 मध्ये शपथपत्र देणे बंधनकारक झाले असून, ते भारत निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि आयोगाच्या मोफत ॲपवर कोणालाही पाहता येते. पाने पुष्कळ असल्यामुळे आधी शेवटचा भाग ब, म्हणजे गोषवारा वाचावा आणि मग मूळ तपशिलाकडे वळावे. प्रलंबित गुन्ह्यांच्या रकान्यात केवळ संख्या मोजू नये. आंदोलनातील जमावबंदीचा भंग आणि फसवणूक किंवा मारहाण यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल, म्हणून कलमे पाहावीत आणि न्यायालयाने आरोप निश्चित केले आहेत का, हेही तपासावे. त्याच उमेदवाराने मागील निवडणूक लढवली असल्यास दोन्ही शपथपत्रे शेजारी ठेवून मालमत्ता, कर्जे आणि शासकीय थकबाकी यांची तुलना करावी. (मला स्वतःला सर्वांत बोलका रकाना थकबाकीचाच वाटतो.) अर्थात हे सारे वाचण्यापूर्वी मतदार यादीत आपले नाव असल्याची खात्री करावी. पेठेतले घर सोडून हद्दवाढ भागात राहायला गेलेल्यांनी पत्ता बदलण्यासाठी नमुना 8 वेळेत भरावा. अडचण आल्यास 1950 या क्रमांकावर विचारणा करता येते.