शॉटगनची काडतुसे घरी भरणे: बचतीचा हिशोब कसा मांडावा

अमेरिकेत ट्रॅप किंवा स्कीट, म्हणजे उडत्या तबकड्यांवर शॉटगनने (छर्ऱ्यांच्या बंदुकीने) नेम धरण्याचे खेळ, खेळायला लागलेल्या माणसाला काही महिन्यांतच खर्चाचा खरा भार कुठे आहे ते कळते. बंदूक एकदाच घ्यावी लागते, पण उडत्या तबकड्यांच्या प्रत्येक फेरीला २५ काडतुसांचा एक डबा संपतो. मग क्लबातले जुने नेमबाज रिकाम्या पुंगळ्या जपून पिशवीत टाकताना दिसतात आणि आपणही घरी काडतुसे भरावीत का, हा विचार मनात येतो. याचे उत्तर बंदुकीच्या बोअरवर (म्हणजे नळीच्या मापावर; आकडा वाढतो तशी नळी बारीक होते, आणि .४१० त्यांत सर्वांत बारीक) आणि वर्षाला किती डबे संपतात यावर अवलंबून आहे. साध्या १२ बोअरच्या काडतुसांत बचत थोडी होते, २८ आणि .४१० बोअरमध्ये मात्र ती भरघोस होते. यंत्र विकत घेण्यापूर्वी हा हिशोब कागदावर कसा मांडावा, ते येथे सांगितले आहे.

भारतातील वाचकांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार दारूगोळा तयार करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो आणि बंदूक बाळगण्याच्या परवान्यात तो अधिकार येत नाही. त्यामुळे पुढील सर्व विवेचन अमेरिकेतील परिस्थितीला धरून आहे.

काडतुसाचे पाच घटक असतात: पुंगळी, आघाताने ठिणगी पाडून दारू पेटवणारा प्रायमर, बंदुकीची दारू, दारू आणि छर्रे यांच्यामधला प्लास्टिकचा वॉड, आणि छर्रे. पुंगळी पुन्हा वापरता येते, म्हणून बचतीचा सारा आधार तिच्यावर आहे. उरलेल्या चार घटकांचा दर काडतुसामागे काढायचा, त्यांची बेरीज करायची आणि तिला २५ ने गुणायचे. वजनांचे कोष्टक सोपे आहे: १ पौंड म्हणजे १६ औंस, अर्थात ७००० ग्रेन. छर्ऱ्यांच्या २५ पौंडांच्या पोत्यात ४०० औंस येतात, म्हणजे एक औंसाची ४०० काडतुसे भरतात. सव्वा औंसाला थोडे कमी, म्हणजे १ १/८ औंस घातल्यास ३५५, ७/८ औंस घातल्यास ४५७ आणि .४१० बोअरच्या अर्ध्या औंसाच्या हिशोबाने तब्बल ८००.

आता १२ बोअरच्या एक औंसाच्या काडतुसाचा हिशोब करून पाहू. येथील किमती केवळ रीत समजावी म्हणून गृहीत धरल्या आहेत. त्यांच्या जागी आपल्या दुकानातील, कर आणि वाहतूक धरून आलेल्या किमती घालाव्यात. छर्ऱ्यांचे पोते ५२ डॉलरला मिळाले तर काडतुसामागे १३ सेंट पडतात. दारूचा आठ पौंडांचा डबा २०० डॉलरला, म्हणजे पौंडाला २५ डॉलर पडला आणि एका काडतुसाला १८ ग्रेन लागले, तर त्याचे सुमारे ६.४ सेंट होतात. हजार प्रायमर ८० डॉलरला मिळाल्यास प्रत्येकी ८ सेंट, आणि पाचशे वॉड १५ डॉलरला मिळाल्यास प्रत्येकी ३ सेंट. एकूण ३०.४ सेंट, म्हणजे डब्याला ७ डॉलर ६० सेंट. तयार डबा साडेदहा डॉलरला मिळत असेल तर बचत २ डॉलर ९० सेंटची झाली. तोच डबा एखाद्या सवलतीत ९ डॉलरला मिळाला, तर ती १ डॉलर ४० सेंटवर येते. (येथील ग्रेनचे आकडे हिशोबापुरते आहेत. प्रत्यक्षात कोणत्या पुंगळी, प्रायमर आणि वॉडसोबत किती दारू घालायची ते दारूच्या उत्पादकाने प्रसिद्ध केलेल्या कोष्टकातूनच घ्यावे.)

हाच कागद .४१० बोअरसाठी मांडला की चित्र पार बदलते. छर्रे ६.५ सेंट, पौंडाला ३० डॉलरची दारू १४ ग्रेन धरल्यास ६ सेंट, प्रायमर ८ सेंट आणि वॉड ४ सेंट, असे एकूण २४.५ सेंट होतात, म्हणजे डब्याला ६ डॉलर १३ सेंट. तयार काडतुसांत मात्र .४१० चा डबा १२ बोअरपेक्षा बराच महाग असतो, कारण १२ बोअरची काडतुसे कारखान्यात प्रचंड संख्येने बनतात आणि दुकाने ती अगदी कमी नफ्यावर विकतात. तो डबा १८ डॉलरला धरला तर एका डब्यामागे जवळजवळ १२ डॉलर वाचतात. २८ बोअरचेही असेच आहे. अमेरिकी स्कीटमध्ये १२, २०, २८ आणि .४१० अशा चारही बोअरच्या स्पर्धा होतात. त्यांत भाग घेणाऱ्याने घरी काडतुसे भरण्याचा विचार गंभीरपणे करावा, आणि केवळ १२ बोअरने महिन्यातून दोन फेऱ्या खेळणाऱ्याने पैशासाठी या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यंत्राची किंमत कधी भरून निघेल, तेही याच आकड्यांतून कळते. एक-एक काडतूस भरणारे मेक कंपनीचे ‘६०० ज्युनिअर’ हे यंत्र बहुतेक जण पहिल्यांदा घेतात. यंत्र, तराजू आणि किरकोळ साहित्य मिळून ३२० डॉलर खर्च धरला, तर वरील हिशोबाने १२ बोअरचे सुमारे ११० डबे भरल्यावर तो वसूल होतो. आठवड्याला दोन फेऱ्या खेळणाऱ्याला त्यासाठी वर्षाहून थोडा अधिक काळ लागेल. .४१० मध्ये अवघे २७ डबे पुरतात. दांड्याच्या प्रत्येक ओढीला एक काडतूस पूर्ण करणारी यंत्रे कितीतरी महाग असतात आणि त्यांत एखाद्या टप्प्यावरची चूक नजरेतून सुटण्याची शक्यता वाढते. नवशिक्याने तेथून सुरुवात करू नये. वेळेचाही विचार करावा. सरावानंतर साध्या यंत्रावर तासाला चार डबे भरले, तर १२ बोअरमध्ये तासाची बचत साडेअकरा डॉलरच्या आसपास होते आणि .४१० मध्ये ती ४७ डॉलरच्या पुढे जाते. ज्याला हे काम मनापासून आवडते, त्याने वेळेचे मोल धरले नाही तरी चालेल. ज्याला ते कंटाळवाणे वाटते, त्याने ते धरलेच पाहिजे, कारण कंटाळलेल्या माणसाने भरलेले काडतूस धोक्याचे असते.

खर्च कमी करण्याचे प्रामाणिक मार्ग थोडेच आहेत. दारू आणि प्रायमर घरपोच मागवताना धोकादायक मालाचे वेगळे शुल्क द्यावे लागते आणि छोट्या मागणीत तेच बचत खाऊन टाकते. म्हणून क्लबातील चार-पाच जणांनी मिळून एकदम माल मागवावा. तरीही साठ्याची मर्यादा पाळावी. अमेरिकेतील अग्निसुरक्षेच्या मानकांनुसार घरात धूरविरहित दारू मूळ डब्यांत २० पौंडांपर्यंत ठेवता येते. त्याहून अधिक, ५० पौंडांपर्यंत ठेवायची असल्यास इंचभर जाड लाकडाची पेटी लागते. प्रायमर १०,००० पर्यंत चालतात. स्थानिक नियम याहून कडक असू शकतात. दुसरा मार्ग छर्ऱ्यांचा आहे. वरच्या हिशोबात चाळीस टक्क्यांहून अधिक खर्च त्यांचाच आहे. मैदानातून वेचून, साफ करून विकले जाणारे जुने शिसे स्वस्त पडते, आणि एक औंसाऐवजी ७/८ औंसाचे काडतूस भरले तर डब्यामागे आणखी ४० सेंट वाचतात. ऑलिम्पिकमधील ट्रॅप आणि स्कीट २४ ग्रॅम छर्ऱ्यांवर खेळले जातात आणि ७/८ औंस म्हणजे २४.८ ग्रॅम, त्यामुळे ट्रॅपमध्ये तबकडी फेकणाऱ्या यंत्राच्या १६ यार्ड मागे उभे राहून नेम धरताना एवढे छर्रे कमी पडतील ही भीती बाळगू नये. सुरुवातीला खांद्याला बसणारा धक्काही त्याने हलका होतो.

पुंगळ्यांच्या बाबतीत काटकसर करू नये. विंचेस्टर एए आणि रेमिंग्टन एसटीएस या पुंगळ्या अनेकदा भरता येतात. तोंडाच्या घड्या फाटू लागल्या, बूड सैल झाले किंवा प्रायमर बोटाने ढकलून बसू लागला की पुंगळी फेकून द्यावी. स्वस्त काडतुसांच्या पुंगळ्या वरून सारख्या दिसल्या तरी त्यांची आतली पोकळी वेगळी असते, म्हणून एका पुंगळीचे कोष्टक दुसरीला लावता येत नाही. मैदानावर पडलेल्या पुंगळ्या उचलण्याआधी क्लबाचा नियम विचारावा, कारण काही ठिकाणी जमिनीवर पडलेली पुंगळी क्लबाच्या मालकीची मानतात.

बचतीच्या नादात सर्वांत मोठा धोका घटकांच्या अदलाबदलीत आहे. कोष्टकात दिलेला वॉड संपला म्हणून दुसरा वापरणे किंवा जवळ आहे म्हणून वेगळा प्रायमर लावणे यांनी नळीतील दाब कोष्टकापलीकडे जाऊ शकतो. यंत्रातून पडणारी दारू छापील आकड्याइतकीच असते असे मानू नये. प्रत्येक वेळी काम सुरू करताना आणि अधूनमधून ती तराजूवर तोलावी. टेबलावर एका वेळी एकाच प्रकारच्या दारूचा डबा असावा. बार उडताना आवाज दबका आला तर लगेच थांबावे, बंदूक रिकामी करावी आणि नळीत वॉड अडकला आहे का ते पाहावे. २० बोअरची काडतुसे पिवळ्या रंगाची करण्यामागे हेच कारण आहे की ती १२ बोअरच्या बंदुकीत चुकून जाऊ नयेत, कारण तसे काडतूस नळीत पुढे अडकते आणि त्यामागे १२ बोअरचे उडवले तर नळी फुटते. म्हणून दोन्ही बोअरचे काम एका बैठकीत करू नये. शिशाला हात लावल्यावर हात धुवावेत, त्या टेबलावर खाणे-पिणे करू नये आणि मुलांना तेथे येऊ देऊ नये. घरी भरलेल्या काडतुसांनी बिघाड झाल्यास अनेक उत्पादक बंदुकीची हमी नाकारतात, हा खर्चही मनात धरावा.

शिकारीच्या काडतुसांविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांवर अमेरिकेत १९९१ पासून देशभर बंदी आहे. पोलादी छर्ऱ्यांना त्यांचे खास वॉड आणि वेगळी कोष्टके लागतात. हंगामात दोन-चार डबेच उडवणाऱ्याला त्यात काही वाचत नाही. टर्की या पक्ष्याच्या शिकारीसाठी टंगस्टनच्या छर्ऱ्यांची महागडी काडतुसे वापरणाऱ्याची बचत मात्र मोठी असते.

हा कागद एकदा करून फडताळात ठेवून देऊ नये. शिशाचे आणि प्रायमरचे भाव सतत हलतात. पोते ५ डॉलरनी महागले की एक औंसाचा डबा ३१ सेंटनी वाढतो. तयार डबा साडेआठ डॉलरच्या खाली दिसला, तर या हिशोबाने १२ बोअरचे काम थांबवावे, सवलतीतला माल घ्यावा, त्याच्या पुंगळ्या नीट सुकवून ठेवाव्यात आणि यंत्रावर .४१० चे सामान चढवावे.