शॉकअप घेण्याआधी हौद्याखाली शिरा

पिकअपची मागची बाजू बसली की बहुतेक जण आधी शॉकअप बदलायला निघतात. मीही तेच केलं होतं. मी फरशी वाहतो. जाताना हौदा भरलेला, येताना रिकामा. एका गॅरेजमध्ये 'सगळ्यात कडक' म्हणून शॉकअपची जोडी बसवून दिली. त्यानंतर भरलेली गाडी पहिल्यासारखीच खाली बसायची आणि रिकामी गाडी प्रत्येक खड्ड्यावर मागून उसळायची. पावसात वळणावर मागचं चाक क्षणभर रस्ता सोडायचं, तेव्हा पोटात गोळा यायचा.

वजन पेलतात ते पाटे, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या लोखंडी पानांची कमानदार स्प्रिंग. शॉकअप फक्त पाट्यांचं झुलणं थांबवतो. आतला पिस्टन ऑइलला बारीक वॉल्व्हमधून ढकलतो, त्यात हालचालीचा जोर उष्णता होऊन निघून जातो. म्हणून गाडी बसली असेल तर आधी पाटे तपासा: मोडलेलं पान, सपाट झालेली कमान, शॅकलचे (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीचे) झिजलेले बुश. स्प्रिंग किंवा हवा भरलेले 'वजन उचलणारे' शॉकअप मिळतात, पण मग ते वजन शॉकअपच्या ब्रॅकेटवर येतं, आणि ती ब्रॅकेट बहुधा त्यासाठी बनवलेली नसते. नेहमीच जास्त माल असेल तर जास्तीचं पान टाकणं बरं, तेही कंपनीने ठरवलेल्या वजनाच्या आत राहून.

शॉकअप खरंच गेलाय का, हे बंपर दाबून कारमध्ये थोडंफार कळतं. पिकअपमध्ये मागे ते जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण पाटे कडक असतात आणि पान पानावर घासूनच झोका मरतो. माझी पद्धत अशी: खराब रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवायची, सपाट जागी थांबवून चाकांना उटी लावायची आणि चारही शॉकअपजवळ हाताची मागची बाजू नेऊन बघायची. सायलेन्सरपासून हात लांब ठेवा. काम करणारा शॉकअप कोमट ते गरम लागतो. बाकीचे गरम आणि एकच थंड असेल, तर तो थंड शॉकअप नुसता लटकलेला आहे. ऑइलचा पातळ ओलसर थर आणि त्यावर चिकटलेली धूळ चालते. खाली ओघळ आला असेल तर बदला. टायरवरून तळहात फिरवा. ठरावीक अंतराने खळगे लागले, तर चाक रस्त्यावर नाचत होतं असं समजा.

आता निवड. मुख्य प्रकार दोन. ट्विन-ट्यूबमध्ये नळीत नळी असते. बाहेरच्या नळीला दगड लागून छोटा पोचा पडला तरी पिस्टन आतल्या नळीत चालतच राहतो. पण सतत हादऱ्यांनी ऑइल तापलं की त्यात हवा मिसळून फेस होतो, आणि फेसाला आवर घालता येत नाही. कमी दाबाचा नायट्रोजन भरलेल्या ट्विन-ट्यूबमध्ये हा त्रास कमी होतो, म्हणून साधा ऑइलचा शॉकअप मी माल वाहणाऱ्या गाडीला घेणार नाही. मोनोट्यूबमध्ये एकच नळी असते आणि जास्त दाबाचा गॅस तरंगत्या पिस्टनने ऑइलपासून वेगळा ठेवलेला असतो. तिथे फेस होत नाही, आणि ऑइल बाहेरच्या भिंतीलाच लागून असल्याने ते लवकर निवतं. मात्र त्या भिंतीला खोल पोचा पडला की पिस्टन अडकतो. लांब, लाटालाटांच्या कच्च्या रस्त्यावर भरलेली गाडी चालणार असेल तर मोनोट्यूब घ्या. खालून दगड उडणाऱ्या खाणीच्या वाटेवर छोट्या फेऱ्या असतील तर जाड पिस्टनचा गॅस ट्विन-ट्यूब.

खरी अडचण माझ्यासारख्यांची आहे, अर्धा प्रवास भरून आणि अर्धा रिकामा. पाटे तेच ठेवून त्यांच्यावरचं वजन दुप्पट झालं, तर शॉकअपचा आवर साधारण ७० टक्क्यांवर येतो. भरल्या गाडीला हवा तेवढा कडक शॉकअप घेतला तर रिकाम्या गाडीला तो जास्त होतो. म्हणून आठवडाभर वहीत लिहा: किती किलोमीटर भरून, किती रिकामे. दोन्ही सारखे असतील तर कडकपणा कमी-जास्त करता येणारा शॉकअप घ्या, आणि नॉब प्रत्येक फेरीला खरंच फिरवा. तेवढं होणार नसेल तर मधला घ्या, भरल्यावर वेग कमी ठेवा. अगदी कडक मी पुन्हा घेणार नाही.

लांबी स्वतः मोजा, विशेषतः पान वाढवलं किंवा गाडी उचलली असेल तर. गाडी चाकांवर उभी असताना वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत मोजा. समजा ४८० मिलिमीटर. चेसिसचा रबरी ठोकळा एक्सलपासून ९० वर आहे, म्हणजे ठोकळा टेकेल तेव्हा उरले ३९०. रबर आणखी २५ दबेल असं धरा. मग नव्या शॉकअपची पूर्ण बंद लांबी ३६५ पेक्षा कमीच हवी, नाहीतर ठोकळ्याऐवजी शॉकअप मार खाईल. शॉकअप तिरका असेल तर त्याची लांबी याहून कमी बदलते, म्हणजे हिशोब चुकलाच तरी धोक्याच्या बाजूला चुकत नाही. मग चेसिस जॅकवर उचलून, भक्कम स्टँड लावून, चाकं लोंबती ठेवून तेच अंतर पुन्हा मोजा. पूर्ण उघडी लांबी त्याहून थोडी जास्त हवी. काही गाड्यांत मागचा एक शॉकअप एक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे असतो. ती रचना एक्सल उसळू नये म्हणून असते. डावा-उजवा नीट बघूनच मागवा.

एका एक्सलवरचे दोन्ही एकदमच बदला. ट्विन-ट्यूब बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा-ओढा, आतली हवा वर निघते. गंजलेल्या नटला गॅसची ज्योत लावू नका. गॅसचा शॉकअप तापला तर फुटू शकतो. गंज सोडवणारं ऑइल रात्रभर मुरू द्या. आणि शॉकअपच्या दोन्ही टोकांच्या डोळ्यांतले (कड्यांतले) बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उतरवल्यावर, नाहीतर रबरी बुश कायम पिळलेला राहून लवकर फाटतो.

शॉकअपचा दांडा उघडा दिसत असेल तर त्यावर एक प्लास्टिकचा टाय, ढकलल्यावर सरकेल पण आपोआप घसरणार नाही इतपत घट्ट बांधून सिलिंडरला टेकवा आणि भरलेली गाडी नेहमीच्या रस्त्याने फिरवून आणा. सिलिंडर तो टाय ढकलत नेईल तिथपर्यंत शॉकअप दबला असं समजायचं. टाय थेट टोकाला जाऊन बसलेला दिसला, तर माल उतरवा आणि टेप पुन्हा हातात घ्या.