गावची जिल्हा परिषद शाळा कशी चालते, हे पालकानं कसं बघावं

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात डेअरीला दूध घालणारं घर दहा दिवसांचं बिल बारकाईनं बघतं. फॅट कमी लागली की संस्थेत जाऊन विचारतं. त्याच घरातलं पोरगं वर्षभर शाळेत जातं, आणि शाळेचा एक कागद आई-बापानं बघितलेला नसतो. शाळा चांगली का वाईट, ते भिंतीच्या रंगावर नाहीतर चौकातल्या फ्लेक्सवर ठरतं. मी राधानगरी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. समितीत नव्यानं आलेल्यांसाठी आणि कुठल्याच समितीत नसलेल्या पालकांसाठी हे लिहितेय.

कागदांच्या आधी पोरांचं वाचन बघा. दुसरीचं बालभारतीचं पुस्तक घ्या आणि तिसरी-चौथीतल्या मुलाला त्यातला एक उतारा वाचायला द्या. घरी बसवून, प्रेमानं, चारचौघांसमोर नाही. पान मधलं काढा, कारण पहिले धडे बऱ्याच पोरांना पाठ असतात. आमच्याकडे चौथीतली एक मुलगी पहिला धडा बोट न ठेवता घडाघडा म्हणत होती. पंधरा-वीस पानं पुढं गेल्यावर बोट आलं, ओठ हलायला लागले, आणि ‘स्वच्छ’पाशी गाडी थांबली. तिनं ‘सवछ’ म्हटलं, माझ्याकडे बघितलं आणि पुस्तक मिटलं. हजेरीत ती रोज हजर, प्रगतिपत्रकात श्रेणी बरी. जोडाक्षरांपाशी ती अडतेय हे मात्र कुठल्याच कागदावर नव्हतं. बाईंना सांगितल्यावर त्यांनी तिला आणि तिच्यासारख्या आणखी काहींना परिपाठानंतर वेगळं घेऊन बसायला सुरुवात केली. त्या वर्गाला त्या वर्षी मिळालेली सगळ्यात मोठी मदत मी हीच धरते.

वाचून झालं की काय वाचलं ते मुलाला त्याच्या शब्दांत सांगू दे. मग हातच्याची वजाबाकी द्या, ५२ मधून ३७. पाचवीच्या मुलाला तीन आकडी संख्येला एक आकडी संख्येनं भागायला द्या. देशभरातल्या गावांत २००५ पासून होणारी ‘असर’ ही मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी साधारण हेच विचारते. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, खर्च होत नाही.

आता फ्लेक्सबद्दल. आपल्या जिल्ह्यात शिष्यवृत्ती परीक्षेचं मोठं कौतुक आहे आणि ते योग्यच आहे. गरिबाघरची पोरं त्या अभ्यासाच्या जोरावर कागलच्या नवोदयपर्यंत पोचतात. आठवीत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेतून निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, तो फॉर्म चुकवू नका. पण फ्लेक्सवर चार फोटो असतात आणि वर्गात तीस पोरं असतात. मुख्याध्यापकांना विचारायचं ते उरलेल्या सव्वीस जणांबद्दल. माझ्या मते वर्गातलं सगळ्यात मागं राहिलेलं मूल जिथं पोचलंय, तीच त्या शाळेची पातळी. पायाभूत आणि संकलित चाचण्यांचे निकाल शाळेत असतात. त्यात पहिला कोण आला ते न बघता मागच्या चाचणीपेक्षा कोण जागचं हललं नाही ते बघा.

यानंतर कागद. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातल्या कलम २१ प्रमाणं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका असाव्या लागतात. अध्यक्ष पालकांतला, सचिव मुख्याध्यापक. बैठक दरमहा व्हायला पाहिजे. म्हणून इतिवृत्ताची वही आधी मागा. प्रत्येक महिन्याला तारीख, विषय, ठराव आणि हजर असलेल्यांच्या सह्या आहेत का? का चार महिन्यांच्या सह्या एकाच पेनानं एकाच दिवशी झाल्यात? आणि बायांनो, आपल्या नावावर नवऱ्याला बैठकीला पाठवू नका. पोराच्या डब्यापासून दप्तरापर्यंतचं आपल्याला ठाऊक असतं आणि बैठकीत बोलायचंही तेच असतं.

अनुदानाचा हिशेब सोपा आहे. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला वर्षाला संयुक्त शाळा अनुदान मंजूर होतं, आणि ते पटावर ठरतं: तीसपर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,०००, अडीचशेपर्यंत ५०,०००. त्यातला किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. पैसे कधी आले, किती आले आणि कशावर गेले, ते पावत्यांसकट बघा. पंचवीस हजारांत खडू, झाडू, वीज आणि दुरुस्ती भागवायची म्हणजे मुख्याध्यापकांची ओढाताण होते. ती ओढाताण कळली की गावातून लोकसहभाग मागताना आपल्यालाही जोर येतो.

पोषण आहारासाठी दुपारच्या सुट्टीच्या थोडं आधी शाळेत जा. पहिली ते पाचवीच्या मुलामागं रोज १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. पाचवीपर्यंतची चाळीस पोरं हजर असतील तर चार किलो तांदूळ शिजला पाहिजे. फळ्यावरची हजेरी, मस्टरवरची हजेरी आणि तांदळाच्या नोंदवहीतला आकडा, तिन्ही जुळतात का बघा. वाढण्याआधी चव घेऊन चव रजिस्टरला नोंद करायची असते. ती चव पालकानंही घ्यावी. आमटी पातळ असेल तर तिथंच नीट शब्दांत सांगा. स्वयंपाकीण आपल्याच गावची बाई असते, तुटपुंज्या मानधनावर राबते, आणि तेही वेळेवर हातात पडेल असं नसतं. तिच्यावर ओरडून काही सुधारत नाही. डाळ कमी पुरवली गेली असेल तर ते समितीच्या ठरावात आलं पाहिजे.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते ३० सप्टेंबरकडे. गावात ही तारीख फार थोड्यांना माहीत असते आणि शाळेचं वर्ष हीच तारीख ठरवते. त्या दिवशीच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वदला तीन, त्यापुढं एकशेवीसपर्यंत चार असं आहे. संचमान्यतेचे शासन निर्णय अधूनमधून बदलतात, म्हणून आपल्या शाळेला सध्या कोणता लागू आहे तो मुख्याध्यापकांकडून मागून वाचा. पण आकड्यांच्या काठावरच्या शाळेत एका पोरावर एक शिक्षक येतो किंवा जातो, एवढं कळलं तरी पुरे. जूनमध्ये दोन घरांनी खाजगी शाळेच्या पिवळ्या बसला पोरं लावली, की उरलेल्या सगळ्यांचा शिक्षक जाऊ शकतो. मग दोन शिक्षक पाच वर्ग सांभाळतात, आणि पुढच्या जूनला लोक म्हणतात, बघा, शिकवतच नाहीत.

नुसतं डोकं मोजून भागत नाही. ऑनलाइन नोंदीत मुलाचं आधार जुळलेलं असावं लागतं. दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, जन्मतारखेत गल्लत, असं झालं की हजर मूलसुद्धा मोजणीतून सुटतं. म्हणून ऑगस्टमध्येच समितीनं न जुळलेल्या नावांची यादी मागावी आणि घरोघरी जाऊन कागद दुरुस्त करून घ्यावेत. हे काम पालकांनी उचललं तर शिक्षकाचे कितीतरी तास वाचतात.

आपल्याकडे यात आणखी एक अडचण आहे. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो तो या तारखेनंतर. बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांची पोरं फडाच्या कडेला खोपीत राहतात. ती त्या वर्षीच्या आपल्या पटात नसतात, पण शिकायचा हक्क त्यांचाही तेवढाच आहे. वयानुसार वर्गात त्यांना कधीही प्रवेश मिळतो, दाखला नसला तरी नाकारता येत नाही. गावाशेजारी टोळी उतरली की समितीतल्या कुणीतरी खोपीवर जाऊन पोरांची नावं शाळेला द्यावीत. याच कोल्हापुरात १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. त्या मातीत फडावरचं पोरगं शाळेबाहेर राहिलं तर ते मला सहन होत नाही.

शिक्षकांबद्दल बोलताना एक तपासून बोला. पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे, असं कायदा सांगतो. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरचं काम लावता येत नाही, असंही तोच कायदा कलम २७ मध्ये सांगतो. बाई वर्गात नाहीत असं दिसलं तर त्या कुठं आहेत ते आधी विचारा. प्रशिक्षणाला, मतदारयादीच्या कामावर, का ऑनलाइन माहिती भरत ऑफिसात? पालकांच्या सहीचा ठराव गेला तर वरचं ओझं कमी करा म्हणायला शिक्षकालाही बळ मिळतं.

इमारत जुलैत बघा. मार्चमध्ये सगळीच कौलं चांगली दिसतात. आमच्या पश्चिम भागात पाऊस लागला की कुठली खोली गळते, कुठल्या भिंतीला ओल चढलीय, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी येतं का, हे एका फेरीत कळतं. तारखेसकट फोटो काढा. खोली धोकादायक असेल तर तिथं वर्ग भरवू नका, असा ठराव लगेच करा. ती पाडायची असेल तर निर्लेखनाचा, म्हणजे खोली कागदोपत्री बाद करण्याचा, प्रस्ताव पंचायत समितीमार्फत वर जावा लागतो. निर्लेखन मंजूर झालं तरी नवी खोली आपोआप मिळत नाही, तिची मागणी वेगळी करायची. शाळा विकास आराखडा करणं हे कलम २२ प्रमाणं समितीचंच काम आहे. खोली, कुंपण, पाण्याची टाकी, सगळं त्यात लिहून ठेवा.

दाद कुणाकडे मागायची? आधी मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, पंचायत समितीत गटशिक्षणाधिकारी, आणि त्यावर कोल्हापुरात नागाळा पार्कला जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी, प्राथमिक. त्यांच्यावर मुख्य कार्यकारी अधिकारी. पायऱ्या गाळू नका, नाहीतर अर्ज फिरून खालीच येतो. अर्जासोबत ठरावाची नक्कल, पटाचा आकडा, फोटो आणि शाळेचा अकरा आकडी यू-डायस क्रमांक लावा. आपल्या जिल्ह्यातला हा क्रमांक २७३४ ने सुरू होतो आणि शाळेच्या दाखल्यावर सापडतो. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. तोच विषय ग्रामसभेतही मांडा, कारण कुंपण, पाणी, स्वच्छतागृह यासाठी ग्रामपंचायतही निधी घालू शकते.

एवढं करून कागद दाखवायला कुणी तयार नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, उत्तर तीस दिवसांत यायला पाहिजे, न आल्यास पहिलं अपील. अर्जात ‘शाळेची सर्व माहिती’ असं लिहिलं तर हाती काही लागत नाही. एक शाळा, एक वर्ष आणि नेमके कागद लिहा: संचमान्यतेची प्रत, अनुदानाचं कॅशबुक, समितीच्या बारा महिन्यांच्या इतिवृत्तांच्या नकला.