सीनियरवरून स्टाफ इंजिनियर: कोकणातून काम करताना या चुका टाळा

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, अलिबाग इथल्या घरांतून पुण्या-मुंबईच्या, बेंगळुरूच्या किंवा थेट परदेशी कंपन्यांसाठी काम करणारे अनेक सीनियर इंजिनियर एकाच पायरीवर अडकतात. अप्रेझल उत्तम, पगारवाढ नीट, पण स्टाफचं, म्हणजे सीनियरच्या वरच्या, अनेक टीमवर परिणाम करणाऱ्या पायरीचं नाव काढलं की ‘पुढच्या सायकलला बघू’. स्टाफचा निर्णय ज्या बैठकीत होतो तिथे तुम्ही नसता. तुमचं काम तिथे पोचतं ते लिहिलेल्या कागदांतून आणि तुमच्या वतीने बोलणाऱ्या माणसांतून. ऑफिसात बसणाऱ्याला येता-जाता, चहाच्या वेळी होणाऱ्या बोलण्याची आणखी एक वाट असते. देवगडहून ती मिळत नाही. त्यामुळे पुढच्या चुका इथून केल्या तर जास्त महाग पडतात.

तेच काम, फक्त दुप्पट

प्रमोशन हवंय म्हणून जास्त तिकिटं (नेमून दिलेली कामं) बंद करायची, रात्री उशिरापर्यंत इतरांच्या कोडचे रिव्ह्यू करायचे, प्रत्येक रिलीजला हजर राहायचं. याने तुम्ही अधिक चांगले सीनियर ठरता, एवढंच. बहुतेक कंपन्या पुढच्या पायरीचं काम आधी काही महिने करून दाखवलेलं बघतात आणि मग ती पायरी देतात. स्टाफच्या पायरीवर मोजलं जातं ते हे: तुमच्यामुळे किती टीमचे निर्णय बदलले, आणि मोघम प्रश्नाला आकार कोणी दिला.

उपाय तासाभराचा आहे. कंपनीची लेव्हल-शिडी, म्हणजे प्रत्येक पायरीच्या अपेक्षांचा कागद, उघडा आणि स्टाफच्या रकान्यातली प्रत्येक ओळ एका तक्त्यात उतरवा. प्रत्येक ओळीसमोर गेल्या बारा महिन्यांतले दोन पुरावे लिहा, लिंकसकट. ज्या ओळी रिकाम्या राहतील, तेच तुमचं पुढच्या सहामाहीचं काम. हा तक्ता मॅनेजरला दाखवून विचारा, ‘यातला कोणता पुरावा तुम्हाला कच्चा वाटतो?’ ‘मी तयार आहे का?’ असं विचारलंत तर गोड पण बिनकामाचं उत्तर मिळेल.

चुकीचा प्रश्न हातात घेणं

सर्वांत जास्त वर्षं इथेच वाया जातात. स्टाफ व्हायचं म्हणजे काहीतरी भव्य केलं पाहिजे असं वाटतं, मग चालू असलेला मोनोलिथ (एकसंध मोठी सिस्टिम) फोडायला घेतला जातो किंवा गरज नसताना काफ्का (सर्व्हिसमध्ये संदेश वाहून नेणारी प्रणाली) आणलं जातं. सहा महिन्यांनी विचारणा होते, ‘यामुळे कोणाची कोणती अडचण गेली?’ आणि उत्तर नसतं.

प्रश्न शोधायच्या जागा ठरलेल्या आहेत: गेल्या सहा महिन्यांचे इन्सिडेंट (सिस्टिम बिघडल्याच्या घटनांचे) अहवाल, सपोर्टकडे पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारी, क्लाउडचं बिल, आणि नव्या माणसाला पहिला बदल लाइव्ह करायला लागणारे दिवस. यांत जी अडचण किमान तीन टीमना छळते आणि कुणाच्याच नावावर नाही, ती उचला.

नेहमी आढळणारं एक उदाहरण घ्या. मोबाइल ॲपमागे गेटवे (विनंत्या आत घेणारं दार), त्यामागे ऑर्डर सर्व्हिस, त्यामागे पेमेंट सर्व्हिस आणि तळाला डेटाबेस. तिन्ही सर्व्हिस वेगवेगळ्या टीमच्या. प्रत्येकीने काळजी म्हणून एकूण तीनदा प्रयत्न करायची सोय केलेली. डेटाबेस जरा मंदावला की ॲपकडून आलेल्या एका विनंतीमागे ३ × ३ × ३, म्हणजे २७ प्रयत्न त्याच्यावर आदळू शकतात. मंदावलेला डेटाबेस मग पुरता आडवा होतो. त्यात गेटवे दोन सेकंदांत आशा सोडतो आणि पेमेंट सर्व्हिस पाच सेकंद राबत राहते, म्हणजे निघून गेलेल्या माणसासाठी काम चालू. प्रत्येक टीमचा कोड वेगळा तपासला तर त्यात चूक सापडत नाही. म्हणूनच हा प्रश्न वर्षानुवर्षं कोणाचाच नसतो, आणि म्हणूनच तो स्टाफच्या तोडीचा आहे.

दुरुस्ती अशी. रिट्राय, म्हणजे फसल्यावर पुन्हा प्रयत्न, एकाच थरात ठेवा, शक्यतो अडखळणाऱ्या गोष्टीच्या लगेच वरच्या थरात. बाकीच्यांनी चूक लगेच वर कळवायची. दोन प्रयत्नांमधलं अंतर दरवेळी वाढवा आणि त्यात थोडा यादृच्छिक फरक टाका, नाहीतर सगळे क्लायंट एकाच क्षणी परत येतात. पैशांच्या विनंतीला आयडेम्पोटन्सी की (त्या विनंतीची एकमेव ओळखखूण) लावा, म्हणजे दोनदा पोचली तरी रक्कम एकदाच कापली जाईल. उत्तर द्यायला किती वेळ उरला आहे ते विनंतीबरोबर खालच्या सर्व्हिसपर्यंत पाठवा. रिट्रायवर एकूण मर्यादा घाला. मूळ विनंत्यांच्या १० टक्के ही सुरुवातीला बरी मर्यादा आहे. मग हे सगळं एका छोट्या लायब्ररीत बांधून तिन्ही टीमच्या गळी उतरवा. हे शेवटचं काम कोडपेक्षा अवघड असतं, आणि स्टाफचं खरं काम तेच.

डिझाइन डॉक थेट मीटिंगमध्ये उघडणं

डिझाइन डॉक म्हणजे बदल कसा करणार ते मांडणारा कागद. तो वीस पानी, पहिल्याच पानावर उत्तर, आणि तीस माणसांसमोर पहिल्यांदा वाचन. कोणीतरी एक मूलभूत हरकत घेतो, चर्चा फिस्कटते, आणि घरून बोलणाऱ्याचा आवाज नेमका तेव्हाच तुटतो.

आधी दोन पानं लिहा. अडचण काय आणि ती आकड्यांत किती; कोणते तीन पर्याय, त्यात ‘काहीच न करणं’ हाही एक; काय मुद्दाम करणार नाही; फसलं तर मागे कसं यायचं; निर्णय कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत घ्यायचा. ‘सिस्टिम वारंवार पडते’ असं लिहू नका. ९९.९ टक्के उपलब्धतेचं वचन असेल तर ३० दिवसांत ४३ मिनिटं १२ सेकंद एवढीच बंद राहायची मुभा असते. ‘जुलैमध्ये आपण ती दुसऱ्याच आठवड्यात संपवली’ हे वाक्य डायरेक्टरलाही कळतं.

मीटिंगच्या आधीच्या आठवड्यात चार जणांशी एकेकट्याने बोला. त्यांतला एक तुमच्याशी हमखास असहमत होणारा असू द्या. त्याची हरकत डॉकमध्ये त्याच्या नावाने, त्याला पटेल अशा शब्दांत लिहा. त्यानंतरची मीटिंग वीस मिनिटांत आटोपते.

मायग्रेशन ऐंशी टक्क्यांवर सोडणं

मायग्रेशन म्हणजे जुन्या सिस्टिमवरून नव्यावर जाणं. नवी सिस्टिम लाइव्ह झाली, कौतुकाची मेल आली, आणि तुम्ही पुढच्या कामाला लागलात. जुनी मात्र चालूच, म्हणजे आता खर्चही दोन आणि ऑन-कॉलही (बिघाडासाठी पाळीने तयार राहणंही) दोन. श्रेय जुनी बंद केल्यावरच मोजा.

जुनीला कोण कोण हाक मारतं याची यादी लॉगमधून काढा, लोकांना विचारून नव्हे. नवा वापर सीआयमध्येच (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेतच) अडवा. पहिल्या दोन टीमचं स्थलांतर स्वतः हाताने करा, म्हणजे खाचखळगे कळतात, आणि मग उरलेल्यांसाठी स्क्रिप्ट द्या. दर सोमवारी एकच आकडा जाहीर करा: जुन्यावर उरलेल्या विनंत्या. शेवटी आगाऊ सांगून जुनी सिस्टिम पाच मिनिटं बंद ठेवा, आठवड्याने अर्धा तास, मग दोन तास. यादीत न सापडलेले वापरकर्ते या टप्प्यावर आपोआप पुढे येतात. सणांची विक्री किंवा महिनाअखेरीचे हिशेब असताना हे करू नका.

सगळं आपल्याच हातात ठेवणं

प्रत्येक रिव्ह्यू तुमच्याकडे, प्रत्येक अवघड बग तुमच्याकडे. हे महत्त्वाचं वाटतं, पण प्रमोशन ठरवणाऱ्या समितीला यात दिसतो तो अडथळा. तुमच्या सर्व्हिसवर तुमच्याशिवाय इन्सिडेंट हाताळू शकतील अशी किमान दोन माणसं तयार करा. गणपतीचे दिवस ही याची चांगली कसोटी: घरी गणपती असताना फोन आला, तर कोणत्या माहितीसाठी आला ते टिपून ठेवा आणि परतल्यावर ती रनबुकमध्ये (बिघाड हाताळायच्या लेखी सूचनांत) घाला.

ऑन-कॉलचं वेळापत्रक बनतं तेव्हाच या तारखा नोंदवा. बेंगळुरूच्या सहकाऱ्याला एका दिवसाची सुट्टी माहीत असते. आपल्याकडे दीड दिवस, पाच दिवस, गौरी-गणपती असा घराघरात फरक असतो, तेव्हा नेमक्या तारखा लिहून अदलाबदल आधीच ठरवा.

लाइट गेली, नेट गेलं

पावसाळ्यात हे होणारच. २०२०चं निसर्ग आणि २०२१चं तौक्ते या वादळांनंतर किनाऱ्यावरच्या कित्येक गावांत वीज दिवसेंदिवस नव्हती. पण वारंवार मीटिंगमधून गायब होणाऱ्याच्या हातात कंपनी मोठी जबाबदारी द्यायला कचरते, हेही तितकंच खरं. दोन कंपन्यांचं इंटरनेट घेऊन लोक निर्धास्त होतात. दोन्ही केबली एकाच खांबावरून येत असतील तर एकच माड पडला की दोन्ही जातात. त्यामुळे एक फायबर आणि एक मोबाइल डेटा असं ठेवा, तेही आपल्या गावात ज्या टॉवरला वीज गेल्यावर जास्त वेळ रेंज टिकते त्याचं. राउटर आणि फायबरचा डबा बहुधा १२ व्होल्टवर चालतो. ॲडॉप्टरवरचा आकडा वाचून त्याच व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. मोठ्या इन्व्हर्टरची वाट बघू नका. आणि जो निर्णय तुमच्या बोलण्यावर अवलंबून आहे, तो मीटिंगआधी लेखी पाठवून ठेवा.

वेळेचंही तसंच. कॅलिफोर्नियाशी आपलं अंतर उन्हाळ्यात साडेबारा तासांचं, हिवाळ्यात साडेतेरा. रात्री साडेआठची मीटिंग तिथे जुलैत सकाळी आठची असते आणि डिसेंबरमध्ये सातची, त्यामुळे नोव्हेंबर आणि मार्चमध्ये वेळा पुन्हा ठरवून घ्या.

ऑफिसला जायचं तर तिमाहीच्या नियोजनाच्या आठवड्यातच जा. इतर वेळी जाऊन कॅन्टीनमध्ये जेवून परतण्यात अर्थ नाही. जूनमध्ये कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्या सावकाश धावतात, तेव्हा एक दिवस आधी पोचा.

नोंद न ठेवणं, आणि फेब्रुवारीत विचारणं

दर शुक्रवारी पंधरा मिनिटं: काय केलं, कोणाचा निर्णय बदलला, आधीचा आकडा, नंतरचा आकडा, लिंक. दोन टीममधला वाद मिटवला, कुणाचा डॉक सुधारला, तेही लिहा. हे काम कुठल्याच तिकिटात दिसत नाही.

आर्थिक वर्ष मार्चला संपत असेल, तर फेब्रुवारीपर्यंत नावं जवळपास ठरलेली असतात. त्यामुळे ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच मॅनेजरला तीन गोष्टी विचारा. आपल्या विभागात स्टाफची जागा आहे का? समितीत कोण बसतं? त्यांतलं कोण माझं काम जवळून ओळखतं? तिसऱ्याचं उत्तर ‘कोणीच नाही’ असेल, तर त्यांतल्या एकाच्या हद्दीतला प्रश्न पुढच्या तिमाहीत हाती घ्या. सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. बंद दाराआड तुमचं नाव घेणारा माणूस मात्र तुमचं काम स्वतः वापरलेला असावा लागतो.

जागाच नसताना वाट बघणं

तीस इंजिनियरांच्या कंपनीत तीन-तीन टीमना छळणारे प्रश्नच मोजके असतात, आणि ते आधीच कोणाच्या तरी हातात असतात. लागोपाठ दोन सायकलींत कारण बदललं, म्हणजे आधी ‘स्कोप (कामाची व्याप्ती) कमी’ आणि मग ‘संवाद कमी’, तर कारण लेखी मागा आणि कोणता पुरावा पुरेसा ठरेल तेही लेखी मागा. मिळालं तर त्यावर सहा महिने काम करा. नाही मिळालं तर शुक्रवारच्या नोंदींमधून, कंपनीची गोपनीय माहिती वगळून, तीन प्रकल्पांचे एकेका पानाचे सारांश तयार करा आणि बाहेर थेट स्टाफच्या पदासाठी मुलाखती द्या. त्या मुलाखतींत अर्धा वेळ याच तीन पानांवर जातो: प्रश्न कसा निवडला, विरोध कोणाचा होता, काय सोडून दिलं.